इटलीतला पहिला उन्हाळा: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

इटलीला येताना आपण स्वेटर आणतो, कानटोप्या आणतो. उन्हाळ्याची तयारी कोणी करत नाही. आम्ही सांगलीचे. चाळीस अंशांत वाढलेल्या माणसांना बोलोन्याचं ऊन काय करणार, असंच वाटायचं. पहिल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांची शाळा सुटली आणि ती पुन्हा उघडली थेट १५ सप्टेंबरला. ऑगस्ट लागला तशी आमची इमारत रिकामी झाली. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानावर ‘किऊझो पेर फेरिये’, म्हणजे ‘सुट्टीनिमित्त बंद’, अशी पाटी लागली. आम्ही चौघं पंख्याखाली बसून भारतात व्हिडिओ कॉल लावत होतो.

आता सहा उन्हाळे झाले. इथला उन्हाळा आपल्या मे महिन्यासारखा असतो, हे मला उशिरा कळलं. आजोळ, वाळवण, विहिरीवर पोहणं, रात्री अंगणात गप्पा, हे सगळं इथेही आहे, फक्त त्याची नावं वेगळी आहेत. मात्र त्यात शिरायचं तर कुणाच्या तरी हाताला हात लावावा लागतो आणि काही कागद वेळेत तयार ठेवावे लागतात. खालची माहिती बोलोन्याच्या अनुभवातून लिहिली आहे. दुसऱ्या शहरात तारखा आणि फॉर्म बदलतील, क्रम बहुतेक हाच राहील.

१. फेब्रुवारी-मार्च: एक फाइल तयार करा

उन्हाळ्याची बहुतेक दारं वसंतातच उघडतात आणि बंदही होतात. एकाच फाइलमध्ये हे कागद ठेवा:

- घरातल्या प्रत्येकाचा कोदिचे फिस्काले (१६ अक्षर-अंकांचा कर क्रमांक) आणि तेस्सेरा सानितारिया, म्हणजे आरोग्य कार्ड
- पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याची प्रत. इथलं ओळखपत्र काढलं असेल तर तेही
- रेझिदेंझा, म्हणजे कोमूनेत (नगरपालिकेत) तुमचा पत्ता नोंदलेला असल्याचा दाखला
- मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी आणि कसली ॲलर्जी असेल तर डॉक्टरांचं पत्र
- इझे (कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहून काढलेला दाखला). मुलांच्या शिबिरांच्या फीमध्ये यावर सवलत मिळू शकते

इझे काढून देणारी काफ नावाची मदत केंद्रं सगळीकडे असतात. त्यांची वेळ आधी घ्यावी लागते. आम्ही मे महिन्यात गेलो, तोवर शिबिराच्या सवलतीची मुदत टळून गेली होती.

रेझिदेंझाचं काम कधीही मागे टाकू नका. तुमच्याकडे वैध परवाना असला तरी पत्ता नोंदलेला नसेल तर कोमूनेच्या बऱ्याच योजनांचा अर्जच भरता येत नाही.

२. मुलांची सव्वातीन महिन्यांची सुट्टी

दोघंही नोकरी करत असाल तर ‘चेंत्रो एस्तीवो’ म्हणजे उन्हाळी शिबिराशिवाय पर्याय नाही. कोमूनेची असतात, खेळाच्या क्लबांची असतात आणि चर्चच्या आवारातलीही असतात. बोलोन्यात चर्चच्या शिबिराला ‘एस्ताते रागात्सी’ म्हणतात, इतर काही ठिकाणी ‘ग्रेस्त’. ती तुलनेने स्वस्त असतात आणि मोठी मुलं लहान मुलांना सांभाळतात. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. आमची मुलं त्या वेळी शांत उभी राहायची. तिथे मोरोक्कोची आणि पंजाबी मुलंही होती, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. तुम्हाला ते पटत नसेल तर क्लबाचं शिबिर बघा, पण चर्चच्या दारात जाऊन एकदा विचारून तरी या.

जेवणाच्या रकान्यात ‘मांस नाही’ एवढंच लिहू नका. इथे मांस नाही म्हटलं की ट्यूना मासा ताटात येतो. ‘नियेंते कार्ने, नियेंते पेशे’ म्हणजे मांस नाही, मासेही नाहीत, असं दोन्ही लिहा. अंडी चालत नसतील तर तेही वेगळं लिहा.

३. घर थंड ठेवणं

पो नदीच्या खोऱ्यातला उकाडा दमट असतो, त्याला इथे ‘आफा’ म्हणतात. हवा हलत नाही. आपली सवय खिडक्या उघडायची, इथे उलटं करायचं. सकाळी आठला खिडक्या लावून बाहेरच्या झडपा खाली ओढायच्या आणि रात्री गारवा आला की सगळं सताड उघडायचं. दुपारी एक ते चार इमारतीत आवाज करायचा नाही. मिक्सर, ड्रिल, मुलांचा चेंडू, सगळं बंद. दुपारी बाहेर पडायची वेळ आलीच तर बोलोन्यात कमानींच्या ओसऱ्या आहेत, सगळ्या मिळून सुमारे ६२ किलोमीटर. २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. आमच्यासाठी मात्र ती दूध आणायला जायची सावली आहे.

४. मातीचा तुकडा मिळवा, निदान कुंड्या तरी

माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल हेच. इटालियन भाषा मी वर्गात शिकले त्याहून जास्त वांग्याच्या वाफ्यात शिकले.

अनेक शहरांत कोमूनेच्या मालकीच्या जमिनीचे छोटे तुकडे रहिवाशांना भाजी लावायला देतात. त्यांना ‘ऑर्ती’ म्हणतात. बोलोन्यात अशा जागा बऱ्याच आहेत आणि तिथे निवृत्त मंडळींचा राबता असतो. अर्जाला ओळखपत्र, कोदिचे फिस्काले आणि रेझिदेंझा लागतं, वर्षाची थोडी वर्गणी असते. भाजी विकायची नाही हा नियम जवळपास सगळीकडे असतो. प्रतीक्षायादी लांब असू शकते.

यादीत नाव लावून घरी बसून राहू नका. जुलै-ऑगस्टमध्ये हीच मंडळी दोन-तीन आठवडे समुद्रावर किंवा डोंगरात जातात आणि मागे टोमॅटोला पाणी घालायला माणूस हवा असतो. जूनमध्ये एखाद्या संध्याकाळी तिथल्या कुंपणापाशी जा, ओळख करून घ्या आणि ‘तुम्ही गावाला गेलात तर मी पाणी घालीन’ असं सांगा. मी हेच केलं. एका आजोबांनी किल्ली दिली, पाण्याची वेळ कागदावर लिहून दिली आणि पिकेल ते तोडून न्यायला सांगितलं. परत आल्यावर त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. स्वतःचा तुकडा मिळायला मला पुढे दोन वर्षं लागली, पण बागेतली माणसं त्या महिन्यातच मिळाली.

बोलण्याची एक रीत सांगते. वडीलधाऱ्यांशी ‘लेई’ वापरायचं, म्हणजे आपलं अहो-जाहो. ‘तू’ हा शब्द मराठीतल्यासारखाच ऐकू येतो आणि अर्थही तोच आहे. पण समोरचा स्वतःहून ‘मला तू म्हण’ असं सांगेपर्यंत थांबा.

लागवडीचं थोडक्यात:

टोमॅटो. ११ ते १३ मे हे ‘बर्फाच्या संतां’चे दिवस मानतात. तोवर रात्री पारा घसरू शकतो, म्हणून जुनी माणसं रोपं त्यानंतर लावायला सांगतात. एप्रिलमधल्या कोवळ्या उन्हाला भुलून मी रोपं लावली आणि एका रात्रीत काळी पडलेली पाहिली. सॉससाठी सान मार्झानो, सॅलडसाठी कुओरे दि बुए, मुलांना येता-जाता खायला छोटे दात्तेरीनी. काठीचा आधार द्या. पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब दर आठवड्याला खुडा.

पाणी पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, मुळाशी. पानं भिजवलीत तर करपा येतो. एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही असं केलंत तर फळाचा खालचा भाग काळा पडतो. तो रोग नसतो, पाण्याची अनियमितता असते.

तुळशीची बहीण, बाझिलिको. शेंडे खुडत राहा, फुलोरा येऊ देऊ नका. मंजिऱ्या आल्या की पानं कडवट होतात. आपल्याला तुळशीच्या मंजिऱ्या जपायची सवय असते, इथे हात आवरायचा नाही.

झुक्कीनी. वीतभर झाली की काढा. दोन दिवस विसरलात तर दुधीएवढी होते आणि चव जाते. लांब बारीक देठावर येणारी फुलं नराची. ती सकाळी तोडून भजी करा. भोपळ्याच्या फुलांची भजी खाल्लेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

कुंड्यांखालच्या बशांमधलं पाणी दर आठवड्याला फेका. पट्टेरी वाघ-डास त्यातच वाढतात आणि ते भर दिवसा चावतात.

५. पोहणं: तलाव आणि समुद्र

शहरातल्या तलावावर पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला दारातूनच परत फिरावं लागलं, कारण टोप्या नव्हत्या. इटलीत पोहताना डोक्यावर ‘कूफ्फिया’ जवळजवळ सगळीकडे सक्तीची असते, टक्कल असलं तरी. पिशवीत हे ठेवा: प्रत्येकासाठी टोपी, रबरी चप्पल, अंगाला बसणारा पोहण्याचा पोशाख, टॉवेल, कपाटाच्या कुलपासाठी नाणं. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यावाच लागतो. लांब बाह्यांचा पोशाख हवा असेल तर आधी फोन करून विचारा, प्रत्येक तलावाचा नियम वेगळा असतो.

नुसतं तिकीट काढून पोहायचं असेल तर सहसा कागद मागत नाहीत. शिकवणीला मात्र बरेच क्लब डॉक्टरांचा ‘नोन आगोनिस्तीको’ दाखला मागतात, म्हणजे स्पर्धेसाठी नसलेल्या खेळाला तब्येत ठीक असल्याचा दाखला. त्याचे पैसे पडतात, ईसीजी लागू शकतो आणि तो वर्षभर चालतो. पन्नाशीच्या बाईने पोहायला शिकणं इथे अगदी नेहमीचं आहे. मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले. माझ्या वर्गात सत्तरीच्या दोघी होत्या.

समुद्रासाठी बोलोन्याहून रीमिनीला रीजनल गाडीने साधारण सव्वा ते दीड तास. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारूनच चढा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. आड्रियाटिकच्या या किनाऱ्यावर पाणी खूप आतपर्यंत उथळ असतं, लहान मुलांना उत्तम. वायव्येकडच्या लिगूरिया प्रांताचा समुद्र दिसायला सुंदर, पण तिथे गोटे असतात आणि पाणी लगेच खोल होतं.

वाळूवर ओळीने छत्र्या लावलेला भाग म्हणजे ‘बान्यो’. तिथे छत्री आणि खुर्ची भाड्याने घ्यावी लागते. फुकट जागा हवी तर ‘स्पियाज्जा लीबेरा’ अशी पाटी शोधा. लाटांलगतच्या वाळूवरून चालायला कुणी अडवू शकत नाही, पण तिथे टॉवेल अंथरून बसायचंही नाही.

लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. समुद्रावरच्या संकटासाठी किनारारक्षक दलाचा क्रमांक १५३०, बाकी सगळ्यासाठी ११२. उथळ वाळूत ‘त्राचिना’ नावाचा मासा दडलेला असतो, त्याचा काटा पायात गेला तर कळ मस्तकात जाते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, त्या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. बान्योतल्या लोकांना हा उपाय ठाऊक असतो.

जेवणानंतर दोन-तीन तास मुलांना पाण्यात सोडायचं नाही, ही इथल्या आज्यांची पक्की समजूत आहे. वाद घालू नका. सावलीत पत्ते खेळायला तेवढा वेळ मिळतो आणि शेजारच्या छत्रीखालच्या लोकांशी ओळख याच वेळात होते.

६. स्वयंपाकघर: आधी त्यांच्या पद्धतीने

पहिला महिना फोडणी बाजूला ठेवा. मी पास्त्यात मोहरी-जिरं घालत होते तोवर मला टोमॅटोची चव कळलीच नव्हती. नंतर हवं ते करा.

पास्त्याचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी चाखा. चार जणांच्या सॉससाठी अर्धा किलो दात्तेरीनी अर्धे करा, चार चमचे ऑलिव्ह तेलात ठेचलेली एक लसूण पाकळी गुलाबी करून काढून टाका, टोमॅटो आणि मीठ घालून पंधरा मिनिटं शिजवा. बाझिलिकोची पानं गॅस बंद केल्यावर हातानेच तोडून घाला. पास्त्याचं वाटीभर पाणी राखून ठेवा, सॉस त्याने मिळून येतो.

लिगूरियाची ‘फारिनाता’ केलीत तर घरी सगळे ओळखीच्या चवीने हसतील. ते बेसनाचं जाड धिरडंच आहे, भट्टीत भाजलेलं. २५० ग्रॅम चण्याचं पीठ, ७५० मिलिलिटर पाणी, मीठ. गुठळ्या मोडून निदान चार तास ठेवा, वर आलेला फेस काढा, ८० मिलिलिटर ऑलिव्ह तेल घाला. तेल लावलेल्या ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर ओता आणि २५० अंशांवर वरून सोनेरी होईपर्यंत भाजा. वर मिरपूड. ओव्हन घर तापवतो, म्हणून मी हे वादळी पाऊस होऊन गेलेल्या संध्याकाळसाठी राखून ठेवते.

शाकाहारी घरांनी काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्यात. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो या दोन्ही चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, आणि ग्रानात बहुधा अंड्यापासून काढलेला घटकही असतो. लेबलवर नुसतं ‘काल्यो’ लिहिलं असेल तर ते प्राण्याचं समजा. ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘मीक्रोबीको’ लिहिलेलं चीज मिळतं. रोमान्यातल्या पियादिना रोट्यांमध्ये ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी असू शकते, तेलातली मागा. ताज्या ताल्यातेल्लेमध्ये (पट्ट्यांचा पास्ता) अंडं असतं, बाजारातल्या साध्या सुक्या पास्त्यात सहसा नसतं. उपाहारगृहात ‘वेजेतारियानो’ म्हणून सांगितल्यावरही ‘आच्चूगे’ (छोटे खारे मासे) आहेत का ते विचारा.

७. ऑगस्टचं वाळवण: पास्साता

वर्षभराचा टोमॅटोचा गाळलेला रस बाटल्यांत भरून ठेवायचा दिवस. कुरडयांच्या दिवशी वाड्यात जशी लगबग असायची, अगदी तशीच. पहाटेपासून बायका-पुरुष अंगणात, मोठी पातेली, गॅसची शेगडी, मुलांच्या हातात फडकी. आपल्याकडे गव्हाच्या चिकाची वाटी घेऊन मुलं रांगेत उभी राहायची, इथे गरम पास्साता ओतलेला पावाचा तुकडा मिळतो.

हा दिवस एकट्याने करू नका. शेजाऱ्यांना जुलैमध्येच विचारा, ‘तुम्ही पास्साता करता का? मी मदतीला येऊ?’ हा प्रश्न ऐकून नाही म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

साहित्य: पिकलेले लांबट टोमॅटो (१० किलोतून साधारण ५ ते ६ लिटर रस), सालं-बिया वेगळं करणारं ‘पास्सापोमोदोरो’ यंत्र (शेजारी हमखास असतं), काचेच्या बाटल्या किंवा बरण्या, नवी झाकणं, लिंबाचा रस, मोठं खोल पातेलं, जुनी फडकी.

कृती: टोमॅटो धुवा, डागाळलेला भाग कापून टाका. चिरून वीस मिनिटं शिजवा आणि चाळणीत पाणी निथळू द्या. यंत्रातून काढा. उरलेली सालं पुन्हा एकदा यंत्रातून घाला, घट्ट गर त्यातूनच निघतो. रस परत उकळा. प्रत्येक लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला, इथे बाटलीत मिळतो तो बरा, कारण त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. गरम रस बरण्यांत भरा, वर दोन सेंटिमीटर जागा सोडा, झाकणं लावा. पातेल्याच्या तळाशी आणि बरण्यांच्या मध्ये फडकी घाला म्हणजे काच काचेवर आपटणार नाही. झाकणांच्या वर चार बोटं पाणी हवं. उकळी फुटल्यापासून ४० मिनिटं मोजा. पाण्यातच निवू द्या.

निवल्यावर झाकणाच्या मध्यावर बोटाने दाबा. टक् आवाज झाला तर ते बसलेलं नाही, ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. पहिल्या वर्षी मी जुनी झाकणं वापरली आणि डिसेंबरपर्यंत बऱ्याच बाटल्या गेल्या.

लिंबू टाळू नका. टोमॅटोचा आंबटपणा सुरक्षित मर्यादेच्या अगदी काठावर असतो आणि तो पुरेसा नसेल तर बंद बाटलीत बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. त्याला वास असेलच असं नाही. झाकण फुगलं असेल किंवा उघडताना फेस आला तर चव न घेता फेकून द्या. त्याच कारणाने कच्ची लसूण किंवा बाझिलिको तेलात बुडवून कपाटात ठेवायची नाही. आपण लोणच्यात मीठ आणि आंबट भरपूर घालतो म्हणून ते टिकतं, नुसत्या तेलावर भरवसा ठेवता येत नाही.

८. फेर्रागोस्तो आणि नंतर

१५ ऑगस्ट आपला स्वातंत्र्यदिन आणि इथला फेर्रागोस्तो. सम्राट ऑगस्टसच्या काळापासून चालत आलेली सुट्टी. दोन दिवस आधी दूध, औषधं, मुलांचं सामान घेऊन ठेवा. औषधांच्या दुकानाच्या दारावर त्या दिवशी कुठलं दुकान उघडं आहे ते लिहिलेलं असतं. शहरात एकटं पडलेलं आणखी कोणी आहे का ते बघा, बहुतेक वेळा एखादी आजी असतेच. आम्ही सकाळी झेंड्याला नमस्कार करतो, दुपारी तिला जेवायला बोलावतो. ती कलिंगड आणते, मी मसालेभात करते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला बागेतला सर्वांत देखणा सान मार्झानो खायचा नाही. रोप संकरित नसेल तर त्याच्या बिया गरासकट थोड्या पाण्यात तीन दिवस ठेवा, चोळून धुवा, कागदावर पसरून सावलीत वाळवा. पुडीवर वर्ष लिहा. अर्ध्या बिया स्वतःला ठेवा, अर्ध्या बागेतल्या शेजाऱ्याला द्या. फेब्रुवारीअखेर खिडकीतल्या ट्रेमध्ये पेरायच्या आहेत, त्याच आठवड्यात फाइलही काढा.